माघातील परसबाग

संक्रांत होऊन गेली, रथसप्तमीही उलटली, आणि पहाटेच्या गारव्याची धार आता बोथट होऊ लागली आहे. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे म्हणतात. ती गेली म्हणजे वसंत ऋतू येतो खरा. परंतु मराठवाड्यात वसंत हा घटकाभराचा पाहुणा होय. त्याचे स्वागत करून होते न होते, तोच वैशाखातील ऊन दाराशी येऊन उभे राहते. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा माघ सरत आला असेल. परसात बाग करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्षातील जे चार आठवडे सर्वांत मोलाचे, ते हेच. म्हणून त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी चार अनुभवाच्या गोष्टी येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बाग म्हटली की प्रथम बी, असा सर्वसाधारण समज आहे. मुले बाजारातून भेंडीची व काकडीची पाकिटे आणतात, हाताला लागेल तेथे माती उकरतात, बी टाकतात आणि दुसऱ्या दिवसापासून कोंब शोधू लागतात. वास्तविक पाहता बी हे बागेचे तिसरे काम होय. पहिले काम पाणी मोजण्याचे, दुसरे माती तयार करण्याचे, आणि ही दोन्ही झाल्यावर मग बियांची पाळी. हा क्रम आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याच चुकीने तो आम्हांस शिकविला. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाही.

एक फसलेली बाग

काही वर्षांपूर्वी शाळेच्या मागील मोकळ्या जागेत आम्ही मुलांकडून अठरा वाफे करविले. माघ महिना होता, हवा उत्तम होती, आणि मुलांचा उत्साह तर विचारूच नये. प्रत्येकाने आपल्या वाफ्याच्या डोक्याशी आपल्या नावाची लाकडी पाटी रोवली. आठवड्याभरात भेंडी उगवली, मागोमाग गवार वर आली, काकडीच्या वेलांनी पहिली तणावे काढली. पालक मंडळी येऊन पाहून गेली व त्यांनी आमची स्तुती केली. ती ऐकून आम्हांसही थोडा गर्व वाटला, हे कबूल केले पाहिजे.

चैत्र लागला आणि पाण्याची ओढ सुरू झाली. जेथे दिवसाआड एक बादली पुरत असे, तेथे आता रोजच्या दोन बादल्याही पुरेनात. परीक्षा आल्या, मुले अभ्यासात गुंतली, आणि पाठोपाठ सुट्टी लागली. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा अठरा वाफ्यांच्या जागी भेगाळलेली काळी जमीन, वाळलेल्या काड्या आणि अठरा पाट्या एवढेच उरले होते. सातवीतील एक मुलगा आपल्या वाफ्यापाशी बराच वेळ उभा राहिला. तो रडला नाही, तक्रारीचा एक शब्दही बोलला नाही. त्याने आपल्या नावाची पाटी उपटली, तिची माती सदऱ्याला पुसली आणि ती दप्तरात घालून तो वर्गात निघून गेला.

त्या मुलाचा काही दोष नव्हता, ऋतूचाही नव्हता. वैशाखात ऊन पडणार हे का कोणास ठाऊक नव्हते? दोष आमचा होता. आम्ही जागा पाहून वाफे आखले. पाणी पाहून आखले नाहीत.

या शहराने पाणी कसे वापरले

आपले छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, हे शहर पाण्याच्या हिशेबावरच वसलेले आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने साठविलेल्या पाण्यावर काढावे लागतात. मलिक अंबराने १६१० च्या सुमारास खडकी गावी आपली राजधानी वसविली, तेव्हा त्याच्यापुढे हाच प्रश्न होता. त्याने डोंगराकडील भूगर्भातील पाणी जमिनीखालील नहरीने शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी होय. तीत पाणी वर ओढण्यास बैल किंवा यंत्र लागत नसे. उंचावरील पाणी उताराने आपल्या पायांनीच शहरात चालत येई.

पाणचक्की आपणांपैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. पुढच्या वेळी जाल तेव्हा ती बागाइतदाराच्या नजरेने पाहा. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी तेथे आणलेले आहे. ते उंचावरून खाली पडताना जात्याचे चाक फिरवी आणि त्यावर यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. तेच पाणी पुढे हौदात साचे. तो हौद म्हणजे खालच्या दालनाचे छत असल्यामुळे उन्हाळ्यात ते दालन थंड राही. पाणी एकच, पण त्याने दळण केले, हौद भरला आणि माणसांस गारवाही दिला. एका पाण्याकडून तीन कामे करून घेण्याची ही युक्ती परसबाग करणाऱ्याने मनात जतन करून ठेवावी.

आज आपल्या नळास येणारे पाणी मुख्यत्वे पैठणच्या नाथसागरातून येते. गोदावरीवरील हे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. मलिक अंबराचे पाणी वरून खाली येई. आपले पाणी मात्र सुमारे ५० किलोमीटर दूर असलेल्या आणि शहराहून सुमारे १०० मीटर खाली असलेल्या जलाशयातून विजेच्या बळाने वर चढवावे लागते. तांब्याभर पाणी अंगणात ओतताना एवढा चढ त्याच्या पाठीशी आहे, हे ध्यानात असावे. आपल्या शहरातील घरांनी कित्येक वर्षे नळाची वाट कित्येक दिवसांच्या अंतराने पाहिली आहे, काहींनी टँकरची पाहिली आहे. अशा गावात भाजीची बाग करणे ही चैन ठरू नये असे वाटत असेल, तर ती पिण्याच्या पाण्यावर करता कामा नये. एकदा वापरून झालेल्या पाण्यावर तिचे पोषण झाले पाहिजे.

पहिले काम : पाण्याचे माप

म्हणून आमचा पहिला पाठ कुदळीचा नाही, वहीचा आहे. विद्यार्थ्यांनी सात दिवस आपल्या घरी एक गोष्ट मोजावी. तांदूळ, डाळ, भाजी व फळे धुतलेले पाणी, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी, रात्रीच्या पेल्यांत उरलेले पाणी, हे सर्व एका बादलीत जमा करावे आणि रोज संध्याकाळी किती लिटर जमले ते वहीत लिहावे. आईला यासाठी एकच विनंती करावी, की हे पाणी मोरीत न ओतता बादलीत ओतावे. साबणाचे वा भांड्यांच्या चिकणाईचे पाणी यात मिसळू नये. त्यातील क्षारांनी आपली काळी माती घट्ट होते आणि पालेभाजीवर ते घालणे आरोग्यासही बरे नव्हे. पाणी गाळणाऱ्या यंत्राचे टाकाऊ पाणीही क्षारयुक्त असते. म्हणून ते निराळे न देता इतर पाण्यात मिसळून द्यावे.

आता गणित. एका चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. माघात भाजीच्या वाफ्यातून दररोज चौरस मीटरमागे सुमारे ४ लिटर पाणी हवेत जाते असे धरावे. वैशाखातील कोरड्या वाऱ्यात हाच आकडा ७ लिटर किंवा त्याहून अधिक धरून चालावे. वाफ्याचे माप माघातील ४ ने ठरवावयाचे नाही, वैशाखातील ७ ने ठरवावयाचे. आम्ही चुकलो ते येथेच.

समजा, एका घरी सात दिवसांची सरासरी १४ लिटर आली. १४ ला ७ ने भागले असता २ येतात. त्या घराने दोन चौरस मीटरचा, म्हणजे एक मीटर रुंद व दोन मीटर लांब असा एकच वाफा करावा. शेजाऱ्याने सहा वाफे केले म्हणून आपणही सहा करावेत, या मोहास बळी पडू नये. ज्या घरी ३ लिटरच उरतात, तेथे वाफा न करता दोन कुंड्या ठेवाव्यात. एक वाफा आषाढापर्यंत हिरवा राहणे हे सहा वाफे चैत्रात वाळण्यापेक्षा शतपटीने बरे.

साठविलेले पाणी मात्र झाकून ठेवावे. उघड्या पिंपात आठवड्याभरात डासांची पैदास होते, आणि भाजीबरोबर डेंग्यूचे पीक काढणे कोणासही परवडणारे नाही.

दुसरे काम : माती

हिवाळी भाजी आता संपत आली आहे. मुळा व गाजर जून होण्यापूर्वी काढून घ्यावे. मेथी फुलावर आली असेल तर दोन चार जोमदार झाडे बियांसाठी राखून बाकीची उपटावी. कोबी-फ्लॉवरचे बुंधे मुळांसकट काढावेत; कारण त्यांच्या पानांआड मावा दडून बसतो आणि नव्या रोपांवर चढतो. काढलेला पालापाचोळा जाळण्याची खोड पुष्कळांस आहे. जाळल्याने मूठभर राख मिळते आणि टोपलीभर खत हातचे जाते. रोगट झाडे वेगळी करून बाकी सर्व पाला खताच्या खड्ड्यात टाकावा.

यानंतर खोदाई. आपल्याकडील काळी माती खडकाच्या झिजेतून झालेली, चिकण व चुनखडीयुक्त आहे. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते आणि तिला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात व उरलासुरला ओलावा उडून जातो. ही माती ओली असता खणली तर तिचे गोळे होतात, कोरडी असता खणली तर कुदळ उसळून येते. वाफसा येण्याची वाट पाहावी. मूठभर माती दाबून तिचा लाडू करावा आणि तो कमरेइतक्या उंचीवरून खाली टाकावा. तो फुटून भुगा झाला तर वाफसा आला आहे. तसाच राहिला तर अजून एक दोन दिवस थांबावे. वीतभर खोल खणून हराळी व लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. लव्हाळ्याची एक गाठ राहिली तर तिच्या पुढे दहा होतात. खणलेली माती आठ दहा दिवस उन्हात तशीच पडू द्यावी. किडींच्या सुप्त अवस्था उघड्या पडून उन्हाने मरतात आणि साळुंक्या त्या वेचून खातात.

मग खत. एका चौरस मीटरला ३ ते ४ किलो पूर्ण कुजलेले शेणखत पुरे. कुजले की नाही हे नाकाला विचारावे. चांगल्या खतास शेणाचा वास येत नाही, पहिल्या पावसात भिजलेल्या जमिनीचा येतो. कच्चे खत घातले तर वाळवी व हुमणी यांस निमंत्रण दिल्यासारखे होते. शेणखत मिळत नसल्यास गांडूळखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचे खत घालावे. मात्र ते तयार होण्यास तीन चार महिने लागतात, म्हणून यंदाच्या वैशाखातील खड्डा पुढील हिवाळ्यास उपयोगी पडेल असे समजून चालावे.

ज्यांना अंगण नाही त्यांनी हिरमुसले होऊ नये. गच्चीवर किंवा खिडकीत कुंड्या, जुने डबे, तळाशी भोके पाडलेल्या पिशव्या चालतात. कुंडीसाठी दोन भाग माती, एक भाग शेणखत व एक भाग नारळाचा भुसा असे मिश्रण करावे. गच्चीवर विटांचा वाफा बांधण्याचा बेत मात्र मोठ्या माणसांच्या सल्ल्यावाचून करू नये. एक चौरस मीटर जागेत ३० सेंटिमीटर ओली माती भरली तर तिचे वजन सुमारे अर्धा टन होते. असे दोन वाफे म्हणजे गच्चीवर लहानशी मोटारगाडी नेऊन ठेवल्यासारखे आहे.

तिसरे काम : बी आणि रोपे

उन्हाळी भाज्यांत आपल्या हवेस मानवणाऱ्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी, कारले, तसेच चुका, राजगिरा, तांदुळजा व आंबाडी. या सर्वांची पेरणी माघ संपेपर्यंत, फार तर फाल्गुनाच्या आरंभापर्यंत उरकावी. त्यापूर्वी, कडाक्याच्या थंडीत भेंडी पेरली तर ती जमिनीत कुजते. तिला उगवण्यास ऊब लागते. उशीर केला तर फुले येण्याच्या वेळी ऊन इतके चढलेले असते की ती गळून पडतात. योग्य वेळ अशी दोन्ही बाजूंनी आखलेली आहे. मेथी व कोथिंबीर यांना उन्हाळा सोसत नाही. हौस असेल तर सावलीतल्या कुंडीत त्या थोड्या लावाव्यात.

वांगी, मिरची व टोमॅटो यांची प्रथम रोपे करावी लागतात. टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत व मिरची-वांग्याचे ३५ ते ४५ दिवसांत लावण्याजोगे होते. ज्यांनी पौषात बी टाकले असेल त्यांनी आता रोपांचे पाणी थोडे थोडे कमी करून ती कणखर करावीत आणि संध्याकाळच्या वेळी लावावीत. ज्यांनी टाकले नसेल त्यांनी या वर्षी रोपवाटिकेतून चार रोपे आणावीत. आता बी टाकून पाणी व वेळ दवडू नये.

पेरण्यापूर्वी बियांची परीक्षा घ्यावी. परीक्षा केवळ विद्यार्थ्यांनीच का द्यावी? २० बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळाव्यात, फडके चार पाच दिवस ओलसर व उबेत ठेवावे आणि मग किती बियांस मोड आले ते मोजावे. १५ आले तर शंभरात ७५ उगवतात हे कळले. १० पेक्षा कमी आले तर ते बी टाकून नवे आणावे. भेंडीचे बी रात्रभर व कारल्याचे बी एक संपूर्ण दिवस पाण्यात भिजवून पेरावे, म्हणजे टणक साल मऊ होते. भेंडीच्या दोन ओळींत एक हातापेक्षा थोडे कमी अंतर व दोन झाडांत वीतभर अंतर असावे. वेलांसाठी आळे करून त्यात तीन बिया टोचाव्यात व उगवल्यावर जोमदार दोनच ठेवाव्यात. वेलांसाठी तुराट्यांचा किंवा पळाट्यांचा लहानसा मांडव उभारावा. तो वेल वाढण्यापूर्वीच उभा असावा. मागून उभारताना वेल मोडतात.

बी विकत घेताना ते संकरित आहे की सरळ वाणाचे, हे विचारून घ्यावे. सरळ वाणाचे बी घरी राखून पुढील वर्षी पेरता येते. संकरिताचे राखलेले बी आईबापांच्या गुणावर जात नाही. येथे आपल्या विभागातील एका कामगिरीचा उल्लेख करणे उचित होईल. १९७२ साली परभणी येथे स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात तयार केली आणि १९८५ च्या सुमारास ती शेतकऱ्यांच्या हाती आली. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा व पानांच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या रोग त्या काळी भेंडीचे मळेच्या मळे खाऊन टाकीत असे. या जातीने त्यास दाद दिली नाही. शेतीची विद्या दूरच्या देशांतूनच येते असे नाही. आपल्या विभागातही ती उगवली आहे. आपल्या शहरातील हिमायतबागेतही याच विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. पालकांनी मुलांना एकदा त्या जुन्या बागेच्या झाडांखाली अवश्य न्यावे.

राखण

पेरणी झाली की पाण्याची बचत सुरू करावी. वाफ्यावर चार बोटे जाडीचे वाळक्या पानांचे आच्छादन घालावे. ऊन मातीस न लागता पानांस लागते व ओलावा कितीतरी अधिक काळ टिकतो. गळका म्हणून अडगळीत टाकलेला माठ वाफ्याच्या मध्यभागी गळ्यापर्यंत पुरावा, तो पाण्याने भरून वर झाकणी ठेवावी. माठाच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळे त्याच्याभोवती गोळा होतात. पाणी सूर्योदयापूर्वी किंवा दिवस मावळल्यावर द्यावे. पश्चिमेच्या बाजूस मक्याची एक ओळ लावली तर ती तिसऱ्या प्रहरचे ऊन आपल्या अंगावर घेते.

दिवस उष्ण व रात्री थंड अशा या संधिकाळात वेलांच्या पानांवर पिठासारखी भुरी दिसते. अशी पाने दिसताच खुडून दूर टाकावीत. मावा व तुडतुडे यांवर निंबोळीचा अर्क उत्तम. वाळलेल्या निंबोळ्यांतील गर ५० ग्रॅम घेऊन तो कुटावा, रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्याने गाळून एक लिटर पाणी पुरे करावे आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही अंगांस फवारावे. उन्हात फवारल्यास त्याचा गुण जातो.

दोडक्याच्या वा दुधीच्या वेलास पहिली फुले येऊन गळली म्हणजे मुले निराश होतात. त्यांस सांगावे की ती नरफुले होत, त्यांना फळ धरावयाचेच नसते. मागून येणाऱ्या ज्या फुलांच्या देठाशी इवलेसे फळ दिसते ती मादीफुले. शहरात मधमाशा थोड्या असल्याने कधी कधी परागाचे काम आपणच करावे लागते. नरफूल खुडून त्याचे केसर मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. दोडका व दुधी यांची फुले संध्याकाळी उमलतात, काकडी व कारल्याची सकाळी. त्या त्या वेळीच हे करावे. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातील एक आकृती अशा प्रकारे बोटांच्या टोकाशी जिवंत होते.

पुन्हा एकदा

बाग फसली म्हणजे पुन्हा हात घालू नये असे वाटते. आम्हांसही वाटले होते. त्या वेळी विल्यम केरी यांचे चरित्र आमच्या कामी आले. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारे म्हणून विद्यार्थ्यांना ते ठाऊक असतील. पण ते मोठे बागवानही होते आणि १८२० साली कलकत्त्यास शेती व बागकामाच्या प्रसारासाठी त्यांनी एक संस्था स्थापन केली. श्रीरामपूर येथे त्यांनी अनेक वर्षे वाढविलेली बाग १८२३ च्या महापुराने उद्ध्वस्त केली. केरी तेव्हा साठी उलटलेले होते. त्यांनी पुन्हा बिया मिळविल्या आणि बाग पुन्हा लावण्यास आरंभ केला. त्यांचा घात अति पाण्याने केला, आमचा पाण्याच्या अभावाने. पण उपाय एकच होता.

पुढील वर्षी आम्ही पौषातच मुलांकडून सात दिवसांच्या वह्या लिहवून घेतल्या. कोणाचे १२ लिटर, कोणाचे २० लिटर. पाटी घरी घेऊन गेलेल्या त्या मुलाची वही आम्ही उत्सुकतेने उघडली. त्याच्या वस्तीत पाणी टँकरने येई आणि त्याची आई ते डोक्यावरून घरी आणी. सातही दिवसांपुढे त्याने स्वच्छ अक्षरात एकच आकडा लिहिला होता : ३ लिटर. आम्ही त्यास जवळ बोलावून म्हटले, "बाळा, तुझ्याकडे वाफा होणार नाही."

"ठाऊक आहे, सर," तो म्हणाला. "दोन कुंड्या होतील. मी भागाकार केला आहे."

त्या वर्षी शाळेच्या मागे आम्ही अठरा नव्हे, तीनच वाफे केले. सुट्टीत पाळीपाळीने पाणी घालणाऱ्या मुलांची यादी भिंतीवर लावली, आणि ते तीनही वाफे मृगापर्यंत जगले. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी पहिल्या तासाला तो मुलगा आमच्या टेबलापाशी आला आणि त्याने कागदाची एक पुडी ठेवली. आत पाच हिरव्या मिरच्या होत्या. पाटी कोठे आहे, असे आम्ही विचारले. "कुंडीत," तो म्हणाला. "तिथंच राहू दे म्हणते आई."

विद्यार्थिमित्रहो, अंक मिटून ठेविल्यावर प्रथम कुदळ शोधू नका. एक बादली व एक वही शोधा. आज संध्याकाळी घरी किती पाणी उरले, ते तीत लिहा. सात दिवसांनी भागाकार करा, आणि जे उत्तर येईल तेवढीच बाग लावा.